वॉटरकूल्ड मदरबोर्ड घेताय? आधी तो कोरडा समजून तपासा

प्रश्न थोडक्यात असा: "मी कराडला लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. सोनीच्या कॅमेऱ्यावर ४:२:२ १०-बिटमध्ये शूट असतं. रात्री वेळ मिळाला तर गेमिंग. पुण्यातला एक जण गिगाबाइटचा झेड६९० ऑरस एक्स्ट्रीम वॉटरफोर्स बोर्ड, सोबत आय९-१२९००के प्रोसेसर, पंच्याहत्तर हजारांना देतोय. पाण्याचा ब्लॉक बोर्डावर कंपनीनेच बसवलेला आहे. पंप, रेडिएटर वगैरे माझ्याकडे काही नाही. घ्यावा का? आणि बघायला गेलो तर काय काय बघू?"

बोर्ड म्हणून हा एक नंबर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण धंद्याचं एकुलतं एक मशीन यावर उभं करू नका. घरात दुसरं चालू मशीन असेल आणि हौस दांडगी असेल तर घ्या, मात्र या किमतीला नाही. मी सांगलीत वर्कस्टेशन जुळवणं, दुरुस्ती आणि वॉटर लूपची (पंप, रेडिएटर आणि नळ्यांतून पाणी फिरवून मशीन थंड ठेवायची) कामं करतो. मिरज-तासगावपासून विट्यापर्यंतचे फोटोवाले आणि व्हिडिओवाले हेच माझं मुख्य गिऱ्हाईक, त्यामुळे तुमची अडचण ओळखीची आहे.

असा बोर्ड समोर आला की चकचकीत ॲक्रिलिक आणि त्यातले दिवे क्षणभर विसरायचे. हाच बोर्ड साध्या ॲल्युमिनियम हीटसिंकचा असता तर त्यातलं काय आपल्या कामाला आलं असतं, एवढंच बघायचं. या बोर्डात १० गिगाबिट लॅन आहे, थंडरबोल्ट ४ आहे, एसएसडीसाठी जेन ४ च्या एमडॉट२ जागा आहेत, रॅम डीडीआर५ लागते. एडिटिंगवाल्याला यातलं बहुतेक सगळं उपयोगी. एका दिवसाच्या लग्नाचं चार कॅमेऱ्यांचं फुटेज नासवर (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजवर) ठेवून तिथूनच कापायचं असेल तर १० गिगाबिट लॅनचा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. साध्या १ गिगाबिट लॅनवरून सेकंदाला जेमतेम ११०-११५ मेगाबाइट येतात आणि टाइमलाइन अडखळते.

प्रोसेसरही तुमच्या कामाला चपखल आहे, आणि कारण कोअरच्या संख्येपेक्षा वेगळं आहे. सोनीचं ४:२:२ १०-बिट एच.२६५ फुटेज इंटेलच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हार्डवेअरवर डिकोड करतं. ११व्या पिढीपासून ही सोय आहे. एनव्हिडियाच्या कार्डांना हे आरटीएक्स ५० मालिका येईपर्यंत जमत नव्हतं. म्हणून १२९००के चालेल, १२९००केएफ चालणार नाही. 'एफ' असला की आतलं ग्राफिक्स बंद केलेलं असतं. फोनवरच प्रोसेसरच्या झाकणाचा फोटो मागवून घ्या आणि अक्षरं नीट वाचा. विकणारा 'केएफ'ला 'के' म्हणतो तेव्हा दर वेळी फसवायचाच हेतू असतो असं नाही, त्याला स्वतःलाच फरक ठाऊक नसतो.

थोडक्यात, कोरडा धरला तर बोर्ड पास. आता पाण्याकडे येऊ.

पाण्याची सोय असलेले बोर्ड दोन जातीचे असतात आणि खरेदीचा सगळा निकाल या फरकावर लागतो. पहिल्या जातीत एकच मोठा ब्लॉक प्रोसेसर, त्याच्या बाजूचं व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) आणि कित्येकदा चिपसेटही झाकतो. याला मोनोब्लॉक म्हणतात. तुमचा वॉटरफोर्स यातला. ॲसरॉकचा एक्स५७० ॲक्वा, जो त्यांनी फक्त ९९९ नग काढला होता, तोही यातला, आणि ॲससचे 'ग्लेशियल' बोर्डही. दुसऱ्या जातीत प्रोसेसरची जागा मोकळी असते, फक्त व्हीआरएमच्या हीटसिंकमधून पाण्याची वाट काढलेली असते. ॲससच्या मॅक्सिमस फॉर्म्युला मालिकेत काही वर्षं असा हीटसिंक यायचा. त्यात पाणी सोडा किंवा सोडू नका, हीटसिंक म्हणून तो कोरडाही चालतो.

मोनोब्लॉक मुळात कशासाठी? जाहिरातीत उत्तर असतं व्हीआरएम थंड ठेवण्यासाठी. जरा आकडे मांडून बघू. १२९००केची कमाल टर्बो पॉवर २४१ वॉट. व्हीआरएमचं काम १२ व्होल्टचे सव्वा व्होल्टच्या आसपास आणून प्रोसेसरला देणं. या बदलात साधारण दहा टक्के ऊर्जा उष्णता होऊन जाते असं धरलं तर पंचवीस-सत्तावीस वॉट. या बोर्डावर प्रोसेसरसाठी २० फेज आहेत, म्हणजे हे काम वीस पॉवर स्टेजमध्ये वाटलेलं, प्रत्येक स्टेज १०५ अँपिअर क्षमतेची. म्हणजे एकेका स्टेजच्या वाट्याला सव्वा वॉटच्या आसपास उष्णता येते. हे पॉवर स्टेज शंभर अंशांच्या वरही आपलं काम करतात. चांगल्या हवेवरच्या बोर्डावर रात्रभर रेंडर लावला तरी व्हीआरएम साठ-सत्तरच्या घरात बसून असतं. पाणी लावून ते पन्नासवर आलं, तर त्या वीस अंशांनी तुमचा एक्सपोर्ट एका सेकंदानेही लवकर होत नाही.

यातली गंमत अशी, की बोर्ड जितका महाग तितकं त्याचं व्हीआरएम दांडगं, आणि व्हीआरएम जितकं दांडगं तितकी त्याला पाण्याची गरज कमी. पाण्याची खरी गरज असते ती स्वस्त, चार-सहा फेजच्या उघड्या बोर्डाला, आणि त्याच्यासाठी मोनोब्लॉक कोणी बनवत नाही. लिक्विड नायट्रोजन ओतून विक्रम करणारे मोनोब्लॉक आधी काढून ठेवतात. म्हणजे त्यांच्याही उपयोगाचा नाही. मग उरतं काय? दिसणं, आणि जोडण्या कमी होणं. प्रोसेसर, व्हीआरएम आणि चिपसेट वेगवेगळे जोडायचे म्हटले तर सहा फिटिंग लागतात, इथे दोनात काम होतं. फिटिंग कमी तेवढ्या गळतीच्या जागा कमी. हा फायदा खरा आहे, आणि दिसण्यासाठी पैसे मोजण्यातही काही गैर नाही. फक्त ते दिसण्याचे पैसे आहेत हे माहीत असावं.

माझा नकार मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. समजा वैशाखात, लगीनसराईच्या ऐन भरात, पंप बंद पडला. साध्या मशीनमध्ये एआयओ कूलर (पंप-रेडिएटर जोडूनच येणारा तयार वॉटर कूलर) मेला तर काय करता? शेजारच्या दुकानातून दोन-तीन हजारांचा हवेवरचा कूलर आणता, अर्ध्या तासात मशीन चालू. मोनोब्लॉकच्या बोर्डावर हे होत नाही. ब्लॉक काढला की प्रोसेसरबरोबर व्हीआरएमही उघडं पडतं, आणि त्यावर बसेल असा सुटा हीटसिंक बाजारात मिळत नाही. म्हणजे पंप, फिटिंग किंवा एखादी सील, जे गेलं असेल ते येईपर्यंत मशीन बंद. आणि ते येणार पुण्याहून किंवा मुंबईहून, तेही त्यांच्याकडे शिल्लक असलं तर. कराड-सांगलीत वॉटर लूपला लागणारं जी १/४ आट्याचं हार्ड ट्यूबचं फिटिंग काउंटरवर ठेवणारं दुकान मला तरी सापडलेलं नाही. फॉर्म्युला जातीच्या बोर्डावर हा धोका नाही, म्हणून पाण्याची हौस असलेल्या पण मशीनवर पोट असलेल्या माणसाला मी ती जात सुचवतो.

सुट्या भागांचा आणखी एक पेच आहे. मोनोब्लॉकची सील साध्या गोल ओ-रिंगसारखी नसते, त्या ब्लॉकच्या खाचेप्रमाणे वळणावळणाने फिरते. ती चपटी झाली किंवा फाटली तर त्याच मॉडेलची लागते. मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीत ऑइल सीलवाल्यांकडे योग्य जाडीची ईपीडीएम रबराची कॉर्ड मिळते, ती कापून, सांधा चिकटवून काम निभावता येतं. पण तो सांधा म्हणजे कायमची धाकधूक. या क्षेत्रातलं मोठं नाव म्हणजे स्लोव्हेनियाची ईके, जिचे ब्लॉक ॲसस आणि एमएसआयच्या कित्येक बोर्डांवर आलेले आहेत. तिच्या आर्थिक ओढाताणीच्या बातम्या २०२४ मध्ये जगभर गाजल्या. तेव्हापासून बोर्डाबरोबर जादा सील आणि पॅड येतात का, हे मी आधी विचारतो.

आता बघायला गेलात तर काय बघायचं.

पहिली मागणी, ब्लॉक उघडून दाखवा. पाण्याची बाजू नव्हे, प्रोसेसरवरून उचलून खालची बाजू. मोनोब्लॉकमधली सगळ्यात जास्त चूक इथेच सापडते. एकच तांब्याचा पत्रा एकाच वेळी प्रोसेसरवर पेस्टने आणि व्हीआरएमवर थर्मल पॅडने टेकलेला असतो. कंपनीने एक मिलिमीटरचं पॅड धरून उंची ठरवलेली असते. मधल्या काळात कोणी पॅड बदलताना दीड मिलिमीटरचं, तेही कडक, लावलं की ब्लॉक व्हीआरएमच्या बाजूने उचलला जातो आणि प्रोसेसरवर तिरका बसतो. मग व्हीआरएम थंडगार आणि प्रोसेसरचे एका बाजूचे कोअर शंभरवर.

हे ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. ब्लॉक उचलल्यावर प्रोसेसरच्या झाकणावरची पेस्ट बघा. चांगल्या बसलेल्या ब्लॉकखाली पेस्ट मधोमध इतकी पातळ होते की धातू करडा झळकतो, आणि कडेला बारीक जाड रेघ राहते. एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला साय धरल्यासारखा थर असेल तर ब्लॉक तिरका होता. मग पॅडकडे वळा. प्रत्येक पॉवर स्टेजचा चौकोनी ठसा पॅडवर स्वच्छ उमटलेला हवा, वीसच्या वीस. चार-पाच ठसे पुसट असतील तर तिथे ब्लॉक टेकलेलाच नव्हता. पॅडमधून तेल सुटून बोर्डावर ओशट डाग पडलेले दिसले तर घाबरू नका, ते सिलिकॉनचं असतं, पुसलं की जातं.

एलजीए १७०० सॉकेटचा, म्हणजे तुमचा प्रोसेसर ज्यात बसतो त्या जागेचा, एक जुना रोग आहे. त्याची लोखंडी पकड लांबट प्रोसेसरला मधोमध दाबते आणि झाकण किंचित खोलगट होतं. त्यावर उपाय म्हणून लोक पकड काढून कॉन्टॅक्ट फ्रेम बसवतात. सुट्या वॉटर ब्लॉकला ती बहुधा मानवते. मोनोब्लॉकखाली मात्र फ्रेम बसवली असेल तर ब्लॉकची खालची कड तिला अडत नाही ना, हे डोळे जमिनीला समांतर नेऊन बघा. आणि फ्रेम बसवली असेल तर मूळ पकड व तिचे चार स्क्रू मागून घ्या.

मग ॲक्रिलिक. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून दोन्ही पोर्टांच्या भोवती आणि प्रत्येक स्क्रूच्या भोकाभोवती बघा. केसासारख्या बारीक भेगा सरळ उजेडात दिसत नाहीत, तिरक्या उजेडात चमकतात. या भेगांचं एक मोठं कारण आपल्याकडे सर्रास दिसतं, ते म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर ती बाटली कायम असते आणि बोर्ड पुसायला ती उत्तमच. पण ताणाखालच्या ॲक्रिलिकला अल्कोहोल लागलं की ते तडकतं, कधी लगेच, कधी महिनाभराने. "सगळं आयपीएने स्वच्छ करून ठेवलंय" असं विकणारा कौतुकाने सांगू लागला तर टॉर्च जरा जास्त वेळ फिरवा.

दुसरं कारण चुकीचे आटे. पोर्ट जी १/४ म्हणजे पाव इंची बीएसपी समांतर आट्याचे, इंचाला १९ आटे. आपल्या एमआयडीसीत न्यूमॅटिकची पाव इंची पुश फिटिंग ढिगाने मिळतात, आणि ती आटेही धरतात. त्यातली बरीचशी निमुळत्या आट्याची असतात. लोखंडी मॅनिफोल्डमध्ये तो निमुळतेपणाच सील करतो, ॲक्रिलिकमध्ये तो पाचरीसारखा आत शिरतो आणि पोर्ट चिरतो. फिटिंगवर 'आर' लिहिलेलं असेल तर हातही लावू नका. 'जी' लिहिलेलं आणि कॉलरखाली ओ-रिंग असलेलंच चालतं, तेही हाताने घट्ट करायचं, पान्याने नाही.

प्रोसेसरवरची सूक्ष्म पाती पारदर्शक झाकणातून दिसतात. पात्यांच्या फटी एवढ्या बारीक असतात की त्यात काही अडकलं तर पाणी बाजूने वळतं. पांढरट चिकट थर दिसला तर तो बहुतेक वेळा स्वस्त पारदर्शक नळीतून सुटलेल्या प्लास्टिसायझरचा (नळी मऊ ठेवणाऱ्या रसायनाचा). दुधी किंवा रंगीत कूलंट वापरलं असेल तर रंगाचा गाळ. हे दोन्ही उघडून मऊ दातब्रशने निघतं. निकेलचा मुलामा उडून खालचं तांबं लालसर दिसत असेल तर तेवढ्याने ब्लॉक बाद होत नाही, भाव मात्र उतरवता येतो. हिरवट-निळसर बुरशीसारखे डाग आणि काळपट खड्डे एकत्र दिसले तर विचारा, लूपमध्ये ॲल्युमिनियमचा रेडिएटर होता का? तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात म्हणजे बॅटरीच झाली, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. स्वस्तातले बरेच रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात. तुम्ही स्वतः घ्याल तेव्हाही तांब्या-पितळेचाच घ्या.

आमच्याकडची एक खास तपासणी सांगतो, जी पुण्या-मुंबईच्या माणसाला सुचणार नाही. कृष्णेचा पूर. २०१९चा ऑगस्ट आणि २०२१चा जुलै, दोन्ही वेळा सांगलीतली किती दुकानं आणि तळमजले पाण्याखाली गेले ते आपण पाहिलं. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि या दोन्ही पुरांत पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. तेव्हा भिजलेला माल धुऊन, वाळवून पुढे विकला गेला, आणि तो अजून फिरतोय. तुमचा बोर्ड झेड६९०चा, म्हणजे २०२१च्या शेवटी बाजारात आलेला, त्यामुळे या दोन पुरांतून तो सुटला. पण याच भावात कोणी झेड३९० किंवा झेड४९०चा वॉटरफोर्स पुढे केला तर एमडॉट२ वरचं झाकण काढून त्याखाली बघा, आणि रॅमच्या खाचेत टॉर्च मारा. वरवर धुतलेल्या बोर्डातही पुराचा मातकट गाळ तिथे राहतोच. कोपऱ्यातल्या स्क्रूंच्या माथ्यावर गंज असेल तर पुढचं बोलूच नका. तसाही झेड३९० आता कशाला घ्यायचा? त्यावर चढणारा सगळ्यात मोठा प्रोसेसर ९९००केएस, आठ कोअरचा.

चालवून बघायला मिळालं तर छानच, पण पाण्याविना मोनोब्लॉकचा बोर्ड चालवायचा म्हणजे फक्त बायोस उघडेपर्यंत. तेवढ्यात रॅमच्या चारही खाचा, दोन्ही लॅन आणि पंपाच्या हेडरवर आरपीएम दिसतो का, हे बघून होतं. तापमान चढताना दिसलं की बंद करा.

बायोसचं एक बघून घ्या. १२९००केला काही अडचण नाही. पण उद्या त्याच बोर्डावर १३९००के किंवा १४९००के चढवायचा विचार असेल तर आधी बायोस नवा करा. त्या दोन पिढ्यांत जादा व्होल्टेजमुळे प्रोसेसर कायमचा बिघडण्याचा प्रकार झाला. इंटेलने २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि त्यानंतर ०एक्स१२बी असे मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिले, आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेलं नुकसान मायक्रोकोडने भरून येत नाही, म्हणून या पिढ्यांचा वापरलेला प्रोसेसर मी तरी बिलाशिवाय घेत नाही.

वॉरंटीचं गणित सोपं आहे. भारतात असे बोर्ड बहुधा तीन वर्षांच्या वॉरंटीने विकले गेले, म्हणजे पहिल्या खेपेतल्या बोर्डाची संपलेली असणार. परदेशातून बॅगेत आणलेला असेल तर इथे त्याला कोणी दारात उभं करत नाही. आणि पाणी सांडून बोर्ड गेला तर वॉरंटीत असूनही कंपनी हात वर करते, हे गृहीतच धरा.

घेतलाच, तर पुढचा खर्च मोजा. पंप-टाकी, दोन ३६० मिमी रेडिएटर, सहा पंखे, फिटिंग, नळी, कूलंट. ब्रँडेड घेतलं तर तीस-चाळीस हजार सहज जातात. दोन रेडिएटर कशाला, असं वाटेल. ठोकताळा असा, की दर १२० मिमी पंख्यामागे साधारण १०० वॉट आवाज न वाढवता बाहेर फेकता येतात. एकट्या प्रोसेसरला एक ३६० पुरतो. पण ग्राफिक्स कार्ड हवेवर ठेवून फक्त प्रोसेसरसाठी एवढा लूप करायचा म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, त्यामुळे लोक कार्डही पाण्यावर घेतातच.

आपला उन्हाळा विसरू नका. पाणी खोलीच्या तापमानाखाली कधीच जात नाही. कराडला मे महिन्यात पंख्याखालची खोली छत्तीस अंशांवर असते, भरल्या कामात पाणी त्यावर दहा-बारा अंश चढतं, म्हणजे अठ्ठेचाळीसच्या आसपास. लूपमध्ये सर्रास वापरतात त्या डी५ पंपाला आणि पीईटीजी प्लास्टिकच्या नळीला साठ अंश ही हद्द समजतात. एक पंखा धुळीने तुंबला की मधलं अंतर बघता बघता संपतं. साखर कारखान्यांचा हंगाम चालू असताना ती काळी राख खिडकीच्या फटीतून कुठे कुठे जाते हे कराडकराला सांगायला नको. तीच रेडिएटरच्या जाळीत बसते. ऑक्टोबर ते मार्च महिन्यातून एकदा ब्लोअर मारा. आणि नळी पीईटीजीऐवजी सरळ ईपीडीएमची काळी रबरी घ्या. फोटोत दिसायला साधी, पण उन्हाळ्यात झोप लागते.

पंपाचा वेग मात्र वाढवत बसू नका. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल तर ७० वॉट उष्णतेला ते एक अंश तापतं. साध्या लूपमध्येही मिनिटाला तीन-चार लिटर वाहतात, म्हणजे व्हीआरएमच्या त्या सत्तावीस वॉटनी पाणी अंशाच्या दहाव्या भागानेच तापतं. कोणता ब्लॉक आधी, कोणता नंतर, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात तो यामुळे फुकट आहे. फक्त प्रोसेसरच्या ब्लॉकवर 'इन' लिहिलेलं पोर्ट आत जाणाऱ्या पाण्यालाच द्या, कारण पात्यांच्या मधोमध पाणी पडावं अशी आतली रचना असते.

पाणी म्हणून तयार कूलंट घ्या, रंगहीन. नसेलच मिळत तर डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात गंजरोधक व जंतुरोधक. बोअरचं पाणी तर नाहीच, घरच्या आरओचंही नको. त्यात क्षार कमी असले तरी उरतात, आणि गरम-गार होता होता पात्यांवर बसतात. बॅटरीवाल्याकडचं कॅन नवं, सीलबंद असेल तर चालतं, अर्धं उघडलेलं घेऊ नका. भरण्याआधी हवेच्या पंपाने अर्धा बार दाब देऊन गेजचा काटा पंधरा-वीस मिनिटं हलत नाही ना हे बघा. गळती हवेने कळली तर नुकसान शून्य. पंपाची आरपीएमची वायर सीपीयू फॅनच्या हेडरला लावा आणि बायोसमध्ये फॅन फेल वॉर्निंग चालू ठेवा, म्हणजे पंप थांबला की मशीन बोंब मारतं.

पुण्याहून आणताना ब्लॉक पूर्ण रिकामा करून, पोर्टना बुचं लावून आणा. बोर्ड ई-एटीएक्स आहे, साध्या एटीएक्सच्या २४४ मिमीपेक्षा रुंद, आणि ब्लॉकचं वजन वेगळं. मूळ खोक्यातल्या फोमशिवाय महामार्गाच्या खड्ड्यांवरून आणला तर सॉकेटजवळचा भाग वाकायची भीती. कॅबिनेट घेतानाही ई-एटीएक्स लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, वायरी काढायची रबरी भोकं बोर्डाखाली झाकली जात नाहीत ना ते टेपने मोजून बघा.

भावाबद्दल. वीस-पंचवीस हजारांत झेड७९०चा हवेवरचा चांगला बोर्ड मिळतो, त्यावर हाच प्रोसेसर तेवढ्याच वेगाने चालतो, आणि १० गिगाबिट लॅनचं कार्ड वेगळं घालता येतं. तुमच्या धंद्याच्या मशीनसाठी मी हेच करीन, वर एक मोठा हवेवरचा कूलर किंवा ३६०चा एआयओ. वॉटरफोर्स हौसेसाठी हवाच असेल तर प्रोसेसर, मूळ खोकं, जादा पॅड आणि मूळ स्क्रू धरून पंचेचाळीस-पन्नास हजारांच्या वर जाऊ नका, आणि ब्लॉक उघडू देत नसेल तर चहा पिऊन परत या. उघडू देणार असेल तर जाताना योग्य जाडीची नवी थर्मल पॅड आणि पेस्टची ट्यूब सोबत न्या, कारण एकदा उचललेला ब्लॉक दबलेल्या जुन्या पॅडवर परत नीट बसत नाही, आणि व्यवहार फिसकटला तर तो माणूस बोर्ड तुमच्याच गळ्यात मारायला बघेल.